पहिल्या खुर्चीचा दात

सोमवार, २६ मार्च

डायरी लिहिणं हा माझा पिंड नाही. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर लिहायचे आणि घरी येऊन पुन्हा स्वतःबद्दल लिहायचं, एवढा मी कोण लागून गेलोय. पण डॉक्टरबाईंनी बजावलं आहे की रोज वाजवून झालं की दात कसा आहे ते लिहून ठेवा. दुखला, हलला, रक्त आलं, जे असेल ते. तेव्हा ही वही दाताची आहे. मी नुसता लिहिणारा.

दात वरचा, समोरचा, डावीकडचा. काल सकाळी तालमीत ट्रम्पेट ओठाला लावला, वरच्या स्वराला गेलो आणि आत काहीतरी सरकलं. आधी वाटलं माउथपीस सैल झाला. मग जीभ लावून पाहिली. माउथपीस जागेवर होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ज्याला ट्रम्पेट माहीत नाही त्याला हे कळायचं नाही, पण वहीला सांगायला हरकत नाही. ट्रम्पेट ओठांनी वाजतो आणि ओठांना मागून आधार समोरच्या दातांचा. स्वर जितका वरचा, तितका आधार पक्का लागतो. दात हलला की वरचा स्वर गेला. आणि मी बँडचा पहिला ट्रम्पेट आहे. बँड उभा राहिला तेव्हापासून पहिल्या खुर्चीवर मीच बसतो. सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, पियानो, बास, ड्रम, सगळे एकदम वाजायला लागले की त्या सगळ्यांच्या डोक्यावर जो सर्वांत उंच स्वर ऐकू येतो, तो माझा. तो काढून घेतला तर माझ्याकडे राहतं काय? चष्म्याचं दुकान.

दाताच्या डॉक्टरसाठी लांब जावं लागलं नाही. माझ्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर ज्या ट्रम्पेट वाजवतात, त्या डॉक्टरबाई दातांच्याच. आज दुपारी दुकानाला कुलूप लावून त्यांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी आरसा घातला, चिमट्यानं दात हलवून बघितला आणि म्हणाल्या, "काका, हा काढायचा दात आहे."

"महोत्सवात वाजवून झालं की काढा."

"महोत्सव एप्रिलच्या शेवटी आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

त्या बराच वेळ नुसते हातमोजे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, दातामागून बारीक तार लावून शेजारच्या दातांना बांधून ठेवते, टिकला तर टिकला. बांधला. मी गळ घातली की बँडच्या मॅडमना यातलं अक्षर कळता कामा नये.

"पेशंटचं मी बाहेर बोलत नाही," बाई म्हणाल्या. "पण वरच्या स्वराला जोर द्यायचा नाही. अलगद जायचं. नुसता श्वास सोडल्यासारखं."

बाई डॉक्टर चांगल्या आहेत. ट्रम्पेट म्हणाल तर ठीक वाजवतात.

बुधवार, २८ मार्च

दात: हलत नाही. थोडा ठणकला.

घरी वाजवून पाहिलं. खालचे स्वर ठीक, मधले ठीक. वरचा आलाच नाही. फुस्स करून हवा बाहेर पडली. पुन्हा केलं, पुन्हा हवा. बायको आतून म्हणाली, "सायकलची हवा काढताय का?"

तिला दाताचं सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. हे कुणापाशी बोलणार नाही, पण लिहून टाकतो. परवापासून दुकानात गिऱ्हाईक समोर बसलं की मी त्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघतो.

शुक्रवार, ३० मार्च

दात: ठीक. काल काय झालं ते मात्र नीट लिहायला हवं.

आमच्या तालमी जुन्या पंपघरात होतात. मॅडम पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहेत, त्यामुळे ही जागा मिळाली. पंप कधीच बंद पडले, पण ते अजून तिथेच उभे आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत आम्ही खुर्च्या मांडतो. छप्पर इतकं उंच की एक स्वर सोडला की तो फिरून परत येतो.

मॅडमनी महोत्सवासाठी जे लिहिलं आहे त्याचं नावसुद्धा 'पाणीपुरवठा'. पहिला भाग टाकी, दुसरा नळ, तिसरा गळती. मी जुन्या वळणाचा माणूस. जॅझ म्हणजे पाय हलले पाहिजेत, एवढंच मला कळतं. इथे ट्रॉम्बोनवाले आपली वाद्यं पाण्याच्या बादलीत बुडवून फुंकतात. सॅक्सोफोनवाले न फुंकता नुसत्या चाव्या वाजवतात, म्हणे गळकी पन्हाळ. ड्रमवर आमचा बेकरीवाला आहे, तो ड्रमवर साखळी ओढतो आणि वर पगार मिळाल्यासारखा हसतो. निम्म्या जागी कागदावर स्वरच नाहीत. तिथे मॅडमच्या हाताकडे बघायचं. एक बोट दाखवलं की एक नंबरचा तुकडा, दोन बोटं दाखवली की दोन नंबरचा. मूठ म्हणजे थांबा. तळहात डोक्यावर ठेवला की जे वाजवत असाल ते तिथेच टाकून मुखड्याला परत. मॅडमचं एकच पालुपद, "कागद विसरा, माझ्याकडे बघा." पण हेही खरं की इतकं डोकं चालवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. तोंडावर कधी सांगितलेलं नाही.

शेवटी गळती वाढत वाढत जाते आणि अख्खा बँड पूर आल्यासारखा एका जागी येऊन फुटतो. तिथे माझा वरचा स्वर. त्याच्या खाली लगेच दुसऱ्या ट्रम्पेटचा.

काल तिथे पोचलो आणि हवा निघाली. बँडच्या गोंगाटात कुणाला ऐकू आलं नसावं. मॅडमनी मात्र मूठ दाखवली आणि चहाची सुट्टी दिली. सुट्टीत त्या डॉक्टरबाईंना पंपाच्या मागे घेऊन गेल्या. मला लांबून दिसत होतं. मॅडमनी काहीतरी विचारलं, बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. मग मॅडमनी तिसरं काहीतरी विचारलं, तेव्हा बाईंनी जरा थांबून हो म्हटलं. पंपघराच्या किल्लीचं असणार. किल्ली बाईंकडे असते.

चहानंतर मॅडमनी आम्हा दोघांच्या खुर्च्या जवळ घ्यायला लावल्या. महोत्सवात माइक कमी असतील म्हणाल्या. माझं कोपर बाईंच्या कोपराला लागत होतं. पुन्हा शेवटाला आलो. मी डोळे मिटले, बाईंनी सांगितलं होतं तसा अलगद श्वास सोडला, आणि स्वर आला. असा स्वच्छ की मलाच खरं वाटेना. ओठांना कळलंसुद्धा नाही.

माझा जीव भांड्यात पडला. बाईंच्या हाताला यश आहे.

रविवार, ८ एप्रिल

दात: उत्तम.

आज स्वर दोनदा आला. गुरुवारीही आला होता. बेकरीवाला म्हणाला, "काका, छप्पर उडवाल." मी म्हटलं, तुझ्या पावापेक्षा बरं फुगलंय. सगळे हसले.

घरी अजून येत नाही, पण त्याचं कारण मला सापडलं आहे. घरचं छत खाली आहे. पंपघरात स्वराला वर जायला जागा मिळते.

एकच खटकतं. माझ्या खाली जो दुसऱ्या ट्रम्पेटचा स्वर असायला हवा, तो मला ऐकूच येत नाही. शेजारी बसून ऐकू येत नाही म्हणजे बाई तो वाजवतच नसणार, नुसती फुंकर घालत असतील. चेहरा मात्र लाल करून बसतात. सुट्टीत ओठाला मलम लावतात. बिस्किटं पुढे केली तर कडक नको म्हणाल्या. इतक्या नाजूक माणसानं बासरी धरावी.

गुरुवार, १२ एप्रिल

दात: उत्तम. तार जरा खुपते.

आज तालमीआधी बाईंना बाजूला घेऊन बोललो. गोड शब्दांत. म्हटलं, "डॉक्टर, तुमच्यामुळे मी वाजवतोय, हे मी विसरणार नाही. पण शेवटच्या जागी तुमचा खालचा स्वर जरा वाढवा. वरच्याला आधार मिळत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वाटलं, राग आला. पण म्हणाल्या, "बघते काका. दोन्ही जमेल असं वाटत नाही."

"दोन्ही कुठे, एकच तर आहे."

"हो," म्हणाल्या, "एकच आहे." आणि मलमाची डबी शोधायला लागल्या.

मनावर घेतलेलं दिसत नाही. आजही खालचा ऐकू आला नाही. मॅडमनाही कसं काय चालतं कोण जाणे. एरवी मागच्या रांगेत कुणाचा पाय वाजला तरी त्यांना ऐकू जातं.

रविवार, २२ एप्रिल

दात: सकाळी थोडं रक्त. नंतर ठीक.

आज बायको तालमीला आली होती. मीच बोलावलं. म्हटलं, रोज आतून सायकल सायकल करतेस, एकदा समोर येऊन ऐक. ती पंपाला टेकून उभी राहिली. ट्रॉम्बोनवाल्यांनी बादल्या काढल्या तेव्हा पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटाला मी डोळे मिटले, स्वर आला, डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती.

परत येताना म्हणाली, "तुमच्या शेजारच्या बाई फार चांगल्या आहेत."

"दात छान बांधतात," मी बोलून गेलो. जीभ चावली, पण तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हो," ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी." आणि पुढच्या दुकानातून तिनं दोन जणांना पुरेल इतकं दही घेतलं, एक डबा घरी आणि एक बाईंना, मऊ खायला बरं म्हणून. दात माझा आणि दही बाईंना. बायकांचं बायकांनाच कळतं.

शुक्रवार, २७ एप्रिल

दात: उद्यापर्यंत टिक बाबा.

महोत्सवाची जागा बघून आलो. नदीकाठचं मोकळं मैदान. मोठा मंच आमच्या वाट्याला पहिल्यांदाच आला आहे आणि वेळ दुपार उतरतानाची. वाजवणाऱ्यांच्या पाठीमागून ऊन येणार, म्हणजे ते थेट मॅडमच्या डोळ्यांवर. मी गप्प कसा बसेन, धंदाच तो. म्हटलं, "मॅडम, तुम्हाला आम्ही दिसणारच नाही. गॉगल लावलात तर आम्हाला तुमचे डोळे दिसणार नाहीत. टोपी घाला, चांगली रुंद काठाची." त्यांच्याकडे नव्हती. बायकोची गवती टोपी द्यायचं कबूल करून आलो.

उद्या तिथे छप्पर नाही. स्वराला वर जायला आभाळच आहे. मग मला धाकधूक का होते?

रविवार, २९ एप्रिल, सकाळ

काल आल्यावर लिहिण्याचं त्राण नव्हतं. आता चहा घेऊन बसलो आहे.

मैदान भरलं होतं. गवतावर चादरी टाकून लोक बसले होते, पोरंसोरं, म्हातारे, कुत्री. आमच्या आधी एक गिटारवाला सगळ्यांना पेंग आणून गेला होता. आमच्या बादल्या मंचावर आल्या तेव्हा लोक जागे झाले. मॅडम टोपी घालून आल्या. टोपी त्यांना शोभत होती.

टाकी छान झाली. नळाला लोक हसले, आणि हसावं तिथेच हसले. बेकरीवाल्यानं साखळी अशी ओढली की पुढच्या चादरीवरचं कुत्रं भुंकलं, आणि तेही तालात. मला वाटायला लागलं की मॅडम काय म्हणत होत्या ते आज कळतंय. पंपघरात नुसता आवाज वाटायचा तो इथे खरोखर पाणी वाटत होता. मी माझ्या नकळत पाय हलवत होतो.

मग गळती सुरू झाली. थेंब, मग धार, मग सगळेच. बँड चढत चालला. मी ट्रम्पेट उचलला, छाती भरून घेतली आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

आणि नेमका तेव्हाच नदीवरून वारा आला. हे मला नंतर कळलं. वाऱ्यानं मॅडमची टोपी उचलली आणि त्यांनी ती पटकन हातानं दाबून धरली. तळहात डोक्यावर. तालमीत ठोकून ठोकून शिकवलेलं: कागद विसरा, माझ्याकडे बघा, तळहात डोक्यावर म्हणजे मुखड्याला परत. सगळ्यांनी बघितलं. सगळे एका फटक्यात मुखड्याला परत गेले. डॉक्टरबाईसुद्धा. मुखडा म्हणजे काय, तर नुसता एक बास, थेंबाथेंबानं. बाकी सगळे गप्प.

डोळे मिटलेला मी एकटाच. पुराच्या माथ्यावर उभं राहून मी अलगद श्वास सोडला.

हवा. फुस्स करून नुसती हवा, माइकमधून मैदानभर. आणि माझ्या दातामागची तार तुटली.

डोळे उघडले. बास टिपटिप वाजत होता. मॅडम टोपी धरून माझ्याकडे बघत होत्या. मी दुसऱ्यांदा फुंकलं, कारण मला पटेना. पुन्हा हवाच. शेजारी बाईंचा ट्रम्पेट मांडीवर होता.

तेव्हा कळलं. छत, पंपघर, तार, अलगद श्वास, लाल चेहरा, मलम, न ऐकू येणारा खालचा स्वर, सगळं एकदम कळलं. इतके दिवस मी माझा म्हणून जो ऐकत होतो, तो माझा नव्हता. तोंडात मारल्यासारखं झालं. लोकांची लाज वाटली नाही, लोकांचं मला भानच नव्हतं. बाईंना 'खालचा वाढवा' म्हणून सांगितलं होतं, त्याची लाज वाटली.

मुखड्यात ट्रम्पेटला काम नाही. मी पुढे बघतच विचारलं, "पहिल्यापासून तुम्हीच?"

"समोर बघा काका. आता दोन नंबर येईल."

"सांगायचं तरी."

"काय सांगणार होते? तुमचा चेहरा बघितलात कधी, स्वर आल्यावरचा?"

मॅडमनी दोन बोटं दाखवली. वाजवलं. दात तोंडात डुगडुगत होता, पण दोन नंबरचा तुकडा खालचा आहे, तो निघाला. ते संपल्यावर पुन्हा थोडी उसंत मिळाली. मला रडू येईल की काय असं वाटत होतं आणि त्याच वेळी डोकं विलक्षण शांत होतं. गळती परत सुरू झाली. थेंब, धार.

"डॉक्टर," मी म्हटलं, "वरचा तुम्ही घ्या. उघडपणे घ्या. खालचा मी घेतो."

"येईल तुम्हाला?"

"कधी ऐकला नाही, पण तुमचा कागद इथून दिसतोय."

त्या हसल्या असाव्यात. मी बघितलं नाही, कारण या वेळी मी मॅडमकडे बघत होतो. टोपी एव्हाना बासवाल्याच्या पायाशी पडली होती. बँड चढला, माथ्यावर आला, आणि मी डोळे उघडे ठेवून खालचा स्वर लावला. अगदी साधा स्वर, दाताला त्रास न देणारा. त्याच्या वर बाईंचा लागला.

मी इतकी वर्षं वाजवतोय, पण त्या जागेचा आवाज असा आहे हे मला ठाऊक नव्हतं. महिनाभर तिथे एक भोक होतं. खालचा स्वरच नव्हता, कारण तो ज्यांनी वाजवायचा त्या माझा वाजवत होत्या. कालच्या दिवशी भोक बुजलं. मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी तो स्वर इतका लांबवला की मला वाटलं बाई आता पडतील. मग मूठ दाखवली.

लोक उठून उभे राहिले. कुत्रं पुन्हा भुंकलं.

खाली उतरलो तर एक आजी काठी टेकत माझ्याकडेच आल्या. म्हणाल्या, "तुमचाच तो आवाज ना? सगळं थांबलं आणि नुसती हवा आली? आमच्या नळाला पाणी यायच्या आधी अगदी असंच होतं. दोनदा खोकतो आणि मग बदाबदा येतं. कसं सुचतं हो तुम्हाला?"

मी मॅडमकडे बोट दाखवलं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाल्या, "आजी, ते सगळ्यात अवघड काम होतं, म्हणून पहिल्या ट्रम्पेटला दिलं."

गाडीत बायकोनं माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, "दिसत होतं. तुमचे डोळे मिटलेले असायचे." आणि जरा वेळानं, "टोपी राहिली का तिथेच?"

सोमवार, ३० एप्रिल

दात: गेला.

बाईंनी काढला. फार दुखलं नाही. कापूस धरून बसलो होतो, बोलता येत नव्हतं, ते एक बरंच झालं. बाईंचा वरचा ओठ एका बाजूला सुजला होता. मी त्याकडे बोट केलं. "कमी होईल," म्हणाल्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "काका, तोंड बंद ठेवा, कापूस पडेल."

जखम भरेपर्यंत ट्रम्पेटला हात लावायचा नाही.

मॅडमना दाताचं शेवटपर्यंत काही कळलं नाही, हे एक चांगलं झालं. बाई शब्दाच्या पक्क्या आहेत.

गुरुवार, २४ मे

आज पहिली तालीम. बाईंनी नवा दात बसवून दिला आहे. शेजारच्या दातांपेक्षा पांढरा आहे, बायको म्हणते तोंडात दिवा लावल्यासारखा दिसतो.

पंपघरात सगळ्यांच्या आधी पोचलो. माझा कागदाचा स्टँड उचलला आणि दुसऱ्या खुर्चीसमोर नेऊन ठेवला. बाईंचा पहिल्या खुर्चीसमोर ठेवला. एवढंसं काम, पण मध्येच खाली बसावं लागलं. त्या खुर्चीच्या पाठीवर माझा खांदा घासून रंग उतरलेला आहे. वाईट वाटलं. चांगलंच वाटलं वाईट. मग बेकरीवाल्याची गाडी आली तसा उठलो.

बाई आल्या, दोन्ही स्टँड बघितले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिकडे खिडकीतून ऊन येतं. माझ्या डोळ्यांना त्रास होतो." चष्मेवाल्याच्या तोंडून हे पटण्यासारखं आहे. त्या बसल्या.

मॅडमनी नवे कागद वाटले. मुखड्याच्या आधी, सगळा बँड थांबतो तिथे, माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं आहे: फक्त हवा, दोनदा. मी विचारलं, "हे दुसऱ्या ट्रम्पेटला?"

"ते ज्याला येतं त्याला," मॅडम म्हणाल्या. "आणि काका, नवा दात छान दिसतोय. जुना किती दिवस धरून ठेवला होतात."

बाई ट्रम्पेट पुसत होत्या. हे मॅडमना कुणी सांगितलं ते मला अजून समजलेलं नाही. बायकोनंच सांगितलं असेल.

तिथे पोचलो. सगळे थांबले. मी हवा सोडली, एकदा, दोनदा. नव्या दातानं ती आणखी चांगली निघते, जरा शिट्टी येते. मग गळती, मग पूर, मग आम्ही दोघं.

परतताना बाईंना विचारलं, दात गेला, आता या वहीत काय लिहू? म्हणाल्या, बंद करा, वही दाताची होती.

पण सवय लागली आहे. तेव्हा आजची नोंद:

बाईंचा ओठ: थोडा लाल, सूज नाही. उद्या दही पाठवणे. वरचा स्वर: आला. खालचा: मी.